शीलाचा सोमवार

प्रकाशा गावच्या शीलाचं अर्धं डोकं गेली नऊ वर्षं दुखत होतं. कळ उठली की उजवा डोळा बाहेर पडेल असं वाटायचं, उजेड सोसायचा नाही, पोटात ढवळून यायचं. सासू नर्मदाबाई म्हणायची, "चहा पी, उतरी जाई."

हीच नर्मदाबाई धाकट्या सुनेचं, हर्षलाचं डोकं दुखलं की खिडक्या लावून घ्यायची, टीव्ही बंद करायची, तिच्या कपाळाला सुंठ उगाळून लावायची. हर्षला लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवायची; शनिवारी नवऱ्यासोबत यायची, रविवारी संध्याकाळी परत जायची. दुखणं दोघींचं एकच. पण तिचं 'मायग्रेन' आणि शीलाचं नुसतं डोकं. हे शीलाच्या जिव्हारी लागलं होतं. आपलं दुखणं हर्षलाच घेऊन येते, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

शेवटी नवरा योगेंद्र तिला शहाद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने वही लिहा. काय खाल्लं, कधी खाल्लं, झोप किती, चहा किती आणि डोकं कधी दुखलं."

शीलानं वही मन लावून लिहिली. आता जावेचं सगळं पुराव्यानिशी मांडता येणार होतं! 'हर्षला आली. मोरपंखी साडी. भरीत आधी तिला वाढलं.' 'हर्षलाचं अत्तर नाकाला झोंबलं.'

डॉक्टरांनी वही वाचली, पेन्सिलीनं गोल केले. "ताई, जाऊबाई घरात असताना एकदाच दुखलं. त्या दिवशी अत्तराच्या वासानं दुखलं असेल. पण सात वेळा दुखलं ते सोमवारी."

"सोमवारी?"

"शनिवार-रविवार तुम्ही तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी राहता, दिवसाला सात चहा घेता. सोमवारी चहा एकदम दोनवर येतो. उशिरा उठता. आणि दोन दिवसांचा ताण उतरतो. ताण चढताना दुखतं, तसं काहींचं उतरतानाही दुखतं."

"म्हंजे ती गयी म्हनीसन मन्हं डोकं दुखस?" शीलाचा आवाज चढला. डॉक्टरांना हसू आवरेना. ती वही ओढून घेऊन उठली.

पण पुढच्या शनिवारी अकरा वाजताच तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं.

"पोरं आते येतीन ना! आनि तू जेवाले बठनी?" धाकट्या जोडीची वाट बघणारी नर्मदाबाई दारातून म्हणाली.

"येवू द्या. माले डॉक्टरनी सांगेल शे."

तिनं चहा तीनवर आणला, सोमवारीही तीनच ठेवला, रोजच्या वेळेला उठू लागली. त्यानंतरच्या सहा सोमवारांत डोकं एकदाच दुखलं. हे तिनं हर्षलाला सांगितलं नाही. तिच्या कपाळावर सुंठ लागताना शीला मुकाट भाकरी थापत राहायची. एवढं एक तरी आपलं राहू दे, असं तिला वाटायचं.

ते सहा सोमवार उलटल्यावरही तीन आठवडे तिनं दम धरला. चौथ्या शनिवारी हर्षला दुपारी दोनला डोकं धरून ओट्यावर बसली. शीलानं विचारलं, "सकायपासून काय खादं?"

"नुसती कॉफी, ताई. वेळच झाला नाही."

शीलानं भाकरी आणि वाटीभर डाळ तिच्यापुढे सरकवली. "पह्यले खाय."

हर्षला खाऊ लागली. तेवढ्यात आतून नर्मदाबाईची हाक आली, "शीला, हर्षलाले जरा तूप वाढ व!"

शीलानं तूप वाढलं. अगदी थोडंसं.