काटा उतरला तेव्हा

याकूब गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. अर्धी झाली होती, ती तशीच ठेवून चांद्याला गेलो. कब्रस्तानात माती देताना मागून कुणीतरी हळूच बोललं, "भावाले यानंच मारलं म्हणतात." मी वळून पाहिलं, पण हातात माती असताना भांडू नये म्हणून गप्प राहिलो. महिना होत आला, राग काही निवला नाही. म्हणून लिहितो. माझी शाळा दुसरीतच सुटली, तरी हे दुसऱ्याच्या हातानं लिहून घेणार नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही दोघं एका ठेकेदाराच्या ट्रकवर होतो, याकूब ड्रायव्हर अन् मी क्लीनर. आलापल्लीच्या जंगलातून सागाचे ओंडके चांद्याला आणायचे. याकूबचा धाकटा भाऊ हनीफ ओंडके चढवणाऱ्या टोळीत होता. ठेकेदाराचा एक कायदा होता. इंजिनाची गर्मी दाखवणारा काटा लाल खुणेवर गेला की गाडी जागच्या जागी बंद करायची, रेडिएटरवर ओलं गोणपाट टाकायचं, अन् काटा उतरल्याशिवाय हलायचं नाही. आदल्या उन्हाळ्यात एकाचं इंजिन चालता चालता जाम झालं होतं. तेव्हापासून त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर वाघापेक्षा त्या काट्याला जास्त भीत.

एका सकाळी ओंडका घसरला तो हनीफच्या कमरेवर आला... होता तो माल तिथंच उतरवून टाकला, मागे भाताचं तणस पसरून त्याला निजवलं, टोळीतला सोमा त्याच्याजवळ बसला अन् आम्ही चांद्याच्या दवाखान्याकडं निघालो. वैनगंगेपर्यंत गाडी सुरळीत आली. नदीवर तेव्हा पूल नव्हता. दोन नावा जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या, त्यावर ट्रक चढवायचा अन् नाव पलीकडं लागेस्तोवर इंजिन बंद ठेवायचं. पलीकडं उतरायच्या वेळी मी हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, गाडी रेतीवर आली, अन् याकूबनं पाहिलं तर काटा लालवर.

त्यानं लगेच गाडी बंद केली.

"चाल ना बे," मी म्हटलं. "जळलं तर जळू दे."

"जळलं तर इथून त्याले कोण उचलून नेईन? तुहा बाप?"

मी गोणपाट भिजवून आणलं. मागून हनीफनं विचारलं, "भाई, अजून किती?" याकूब म्हणाला, "बस, पोहोचलोच." थोडं थांबून पुन्हा हँडल मारलं. पुन्हा लाल. पुन्हा बंद. असं किती वेळा झालं ते मला सांगता यायचं नाही. रेती तापली होती, गोणपाट टाकलं की वाळत होतं. मग सोमानं मागून टपावर हात आपटला. "याकूबभाई, हा बोलून नाई राह्यला."

त्यानंतर याकूबनं काट्याकडं पाहिलंच नाही. गाडी काढली ती काढली. मी मात्र पाहत होतो. नदीकाठचा चढ संपून मोहाची झाडं लागली अन् काटा हलला. आपल्या जागेवर येऊन बसला.

"याकूब, काटा उतरला."

तो गाडी हाणतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी हनीफला पाहिलं, चादर वर ओढली अन् एवढंच विचारलं, "वाटेत थांबले होते का?"

नंतर याकूबनं इंजिनाचा पिच्छा धरला. रेडिएटर उतरवून धुतला, पंप खोलला, पट्टा बदलला. बिघाड सापडावा म्हणून अल्लाकडं मागणारा ड्रायव्हर मी तो एकच पाहिला. काही सापडेना, तेव्हा मला घेऊन त्याच नदीवर गेला. गाडी बंद केली, बिडी ओढली, मला हँडल मारायला लावलं. काटा लालवर. या वेळी त्यानं बंद केली नाही. बोनेट उघडून रेडिएटरच्या रबरी नळीवर हात ठेवून उभा राहिला. वाफ नाही, पाण्याला उकळी नाही. काटा आपोआप उतरला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. पुन्हा तेच.

"चालत्या इंजिनात पाणी फिरते, महादू," तो म्हणाला. "बंद केलं का पाणी उभं राह्यते, अन् लोखंडाची सारी गर्मी त्याच्यात उतरते. जरा चालवलं का आपोआप निवते. आपण जितक्या बार थांबलो, तितक्या बार आपणच काटा चढवला." मग बोनेट लावता लावता, "काहीच बिघाड नव्हता रे."

"तुले तवा कसं मालूम राहीन?"

"आता तं मालूम आहे ना..."

पुढं त्यानं स्वतःची जीप घेतली. पहिल्याच दिवशी समोरच्या पत्र्यातून काट्याची डबी उपटून फेकली. तिथं गोल भोक राहिलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "चिमणीसाठी ठेवलं, अंडे देते तिथं." पण गाडी थांबवली की आधी बोनेट उघडून नळीवर तळहात ठेवायचा. म्हातारपणी त्या हाताला चहाचा कपही गरम लागत नसे.

कब्रस्तानात मागून बोलणाऱ्या त्या माणसाला माझं एकच विचारणं आहे. त्या रेतीवर तू होतास का? मी होतो. इंजिन जळालं असतं तर हनीफ तिथंच राहिला असता, हे त्याच्या भावाला दिसत होतं, म्हणून तो थांबला. हे मी याकूबलाही आयुष्यभर सांगितलं. त्यानं कधी मानलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. जीप अंगणात आहे. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, विकायच्या आधी त्या भोकात मीटर बसवून घेतो." मी म्हटलं, "मी मेल्यावर बसव." मग बोनेट उघडायला लावलं अन् त्या नळीवर हात ठेवला. कितीतरी दिवस गाडी सुरूच केली नव्हती. नळी थंड होती. तरी हात लवकर काढवला नाही.