पाच हिरव्या खुणा

चार मार्चला भाड्याच्या संगणकांचं बिल आलं, अठरा हजार सहाशे चाळीस रुपयांचं. साहेबांनी ते चाळणीताईंच्या टेबलावर ठेवलं आणि पंख्याने उडू नये म्हणून वर पाण्याचा ग्लास ठेवला.

चाळणीताई हे नाव ऑफिसने पाडलेलं. कंपनीचा बिलं करायचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी त्यांच्याकडून चाळून जायचा. हा प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतो त्या रनटाइमची कुण्या गिऱ्हाइकाकडे नवी आवृत्ती होती, कुणाकडे जुनीपुराणी. सगळ्या मिळून पाच. दोन वर्षांपूर्वी ताईंनी चाचण्या कशा घ्यायच्या ते सांगणाऱ्या बिल्डच्या फाइलमध्ये या पाचांची यादी घातली. तेव्हापासून प्रोग्रॅममध्ये कुणी काही बदललं की भाड्याचे पाच संगणक आपोआप चाचण्या घेत आणि पडद्यावर पाच हिरव्या खुणा उमटत.

साहेब वयाने ताईंच्या धाकट्या भावाएवढे. त्यांचं म्हणणं, सगळ्यात जुन्या दोन आवृत्त्या काढून टाका, बिल खाली येईल. जाताजाता सहज सांगावं तसं त्यांनी हेही सांगितलं, की एकतीस तारखेला ताईंचा करार संपतोय आणि वरच्यांना खर्च कमी झालेला दाखवला तर नव्या कराराचं बोलणं सोपं जाईल.

सगळ्यात जुनी आवृत्ती एकाच गिऱ्हाइकाकडे उरली होती. कपडे धुऊन देणारं एक दुकान. मालकीणबाईंना नवा संगणक परवडत नव्हता. त्यांच्यासाठी तरी ती यादीत राहावी, म्हणून ताई त्या चाचणीचा उपयोग होतो याचा पुरावा शोधायला बसल्या. त्यांनी पाचही चाचण्यांच्या नोंदी उघडल्या. नोंदीच्या पहिल्या ओळीत चाललेल्या आवृत्तीचा आकडा असतो. ही ओळ त्यांनी दोन वर्षांत कधी वाचली नव्हती. हिरवी खूण दिसल्यावर नोंद कोण वाचतो? पाचही ठिकाणी एकच आकडा होता, सगळ्यात नव्या आवृत्तीचा.

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यादी बरोबर होती. पण यादीतली आवृत्तीच वापरायची, असं संगणकाला बजावणारी ओळ फाइलमध्ये घालायची राहिली होती. त्यामुळे प्रत्येक संगणक हाताशी असलेली नवी आवृत्ती उचलत होता. एकाच माणसाने पाच टोप्या बदलून पाच वेळा हजेरी लावावी, तसं.

गप्प बसणं सोपं होतं. दोन नावं खोडली की बिल कमी, करार पक्का आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी. तो म्हणाला, "शिवण ज्यानं घातली त्यानंच उसवावी. दुसऱ्यानं ओढली की कापड फाटतं."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो," ताई म्हणाल्या आणि ताट उचलून उठल्या.

सकाळी मात्र त्या साहेबांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. "दोन काढायच्या आधी ऐका. पाच कधी चाललेल्याच नाहीत. एकच पाचदा चालली."

"म्हणजे दोन वर्षं पाच ताटं वाढली आणि एकटाच जेवून गेला?"

"हो. आणि वाढणारी मी."

"कुणाच्या लक्षात आलं होतं?"

"नाही."

"मग सांगितलंत कशाला, ताई? आता मला वर सांगावं लागेल."

त्याच दिवशी ताईंनी राहिलेली ओळ घातली. मागितलेली आणि चाललेली आवृत्ती जुळली नाही तर चाचणी तिथेच थांबावी, अशी सोयही केली. या वेळी चार खुणा हिरव्या आल्या आणि एक लाल. सगळ्यात जुनी आवृत्ती पन्नास पैसे कधी वरच्या रुपयात धरत होती, कधी सोडून देत होती. दुकानाशी झालेल्या करारात ते नेहमी वरच धरायचं ठरलं होतं. ताईंनी दुकानाची दोन वर्षांची बिलं मागवून एकेक तपासलं. चारशे सतरा बिलांत एकेक रुपया कमी लागला होता.

फोनवर मालकीणबाई हसल्या. "अहो, गिऱ्हाइकं म्हणायचीच, बाई मोठ्या मनाच्या. मी आपली फुशारत होते."

साहेबांनी वर सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही सांगितलं. लाल खूण वरच्यांनीही पाहिली, तेव्हा यादी पाचांचीच राहिली. ताईंचा करार मात्र वर्षाऐवजी तीन महिन्यांचा झाला. त्यांनी त्यावर सही केली.

दुकानाच्या वार्षिक शुल्कातून कंपनीने चारशे रुपये वजा केले. शुल्कातली कपात शंभराच्या पटीतच होते. सतरा रुपये अजून द्यायचे आहेत.