सुवार्ताचा नाताळ

कोळवणच्या त्या फार्महाउसवर सुवार्ता साळवे तीन वर्षं स्वयंपाक करत होती, आणि तिथल्या एकाही माणसाशी तिचं धड जमत नव्हतं. हाताला चव होती आणि जिभेला धार. मालकीणबाई नलिनी बावधनला राहायच्या, शनिवार-रविवारी गाडीतून उतरायच्या आणि उतरल्या उतरल्या फ्रीज उघडून भाज्या मोजायच्या. तेव्हा सुवार्ता मुद्दाम हातातलं पातेलं आदळायची.

ती मूळची नगरकडची. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात लागला म्हणून दोघं पौडला येऊन राहिली. पुढे काविळीने नवरा गेला. मागे राहिली दहा वर्षांची कृपा आणि घरमालकीण गोजराबाईंच्या माडीवरची भाड्याची एक खोली.

यंदा नाताळ बेताचाच करायचा हे तिने दिवाळीतच ठरवलं होतं. लग्नातली पांढरी साडी पेटीतून काढली आणि शिंप्याकडून कृपाला फ्रॉक शिवून घेतला. उरलेल्या काठाची झालर लावली. अर्धा किलो मैद्याच्या करंज्या झाल्या, थोडी शेव झाली. कृपाने काड्या आणि पतंगाचा कागद चिकटवून चांदणी केली आणि दारावर टांगली. गोजराबाईंनी ती बघून तोंड वाकडं केलं.

“दिवाळी हून दोन म्हयने झालं. आता कसला गं आकाशकंदील?”

“आमची दिवाळी आत्ता असते,” सुवार्ता म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुण्यातल्या चर्चमध्ये पंचवीस तारखेला सकाळी नऊला मराठी उपासना असायची. कृपा गाणाऱ्या मुलांत होती. सुवार्ताने अर्ध्या दिवसाची सुट्टी नोव्हेंबरातच मागून ठेवली होती आणि नलिनीबाईंनी ‘हो’ म्हटलं होतं. बावीस तारखेला त्यांचा फोन आला.

“अगं, चोवीसला बारा जणांचं बुकिंग आलंय. पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत राहणार आहेत. चोवीसच्या रात्रीचं ते बाहेरून मागवतील, पण पंचवीसला सकाळपासून तुला यावं लागेल.”

“मॅडम, माझा सण आहे.”

“म्हणून तर! ख्रिसमसच्या जेवणाचं तुझ्याइतकं कुणाला कळणार? जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरी बाई बघते.”

नवी बाई मिळायला त्यांना दोन दिवस लागले असते आणि नवं काम मिळायला हिला दोन महिने. सुवार्ता “येते” म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने कणकेला असे गुद्दे घातले, की कृपा अभ्यास सोडून बघत बसली.

“मग माझं गाणं?”

“पुढच्या वर्षी.”

“मी तो फ्रॉक घालणारच. आपण कुठेही गेलो तरी.”

सणाच्या दिवशी पोरीला घरी एकटीला ठेववेना, म्हणून पंचवीस तारखेला सकाळी सहाच्या एसटीत कृपा पांढऱ्या फ्रॉकवर स्वेटर चढवून बसली. सगळा रस्ता ती आईकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती.

फार्महाउसवर रात्रीच्या पार्टीचा पसारा तसाच होता. दिवाणखान्यात प्लॅस्टिकचं झाड, त्यावर दिव्यांची माळ, आणि टेबलावर हा एवढा मोठा केक. पाहुणे सगळे हिंजवडीच्या ऑफिसांतले. ते दहाला उठले. तोवर सुवार्ताने पोहे केले, चहा केला, मटणाचं पातेलं गॅसवर चढवलं. कृपाला तिने मागच्या पायरीवर बसवलं होतं.

पाहुण्यांतल्या जुईली नावाच्या मुलीने कृपाला तिथे पाहिलं.

“किती गोड! अगदी एंजल!” असं म्हणत तिने कृपाला हाताला धरून आत नेलं, डोक्यावर लाल टोपी घातली, झाडापाशी उभं करून फोटो काढले आणि केकचा मोठा तुकडा प्लेटमध्ये घालून दिला. कृपाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला.

सोफ्यावर रोहित नावाचा पाहुणा पाय पसरून पडला होता. त्याने विचारलं, “नाव काय तुझं?”

“कृपा साळवे. आज आमचा नाताळ आहे.”

“साळवे? आणि ख्रिश्चन?” तो हसला. “मग कन्व्हर्ट झालात तेव्हा किती मिळाले? का तांदळाच्या गोणीवर भागवलं?”

दोघं-तिघं हसले. सुवार्ता पोह्यांचं भांडं घेऊन दारातच उभी होती. तिने ते टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“माझे पणजोबा शाळामास्तर होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही. पणजी कोसभर लांबून पाणी आणायची. गोणी कुणी आणून दिली नाही. आणखी काही विचारायचंय?”

“अरे मावशी, चिल! जोक होता.”

“तुमचा जोक तुमच्या आईला सांगा. कृपा, ती प्लेट ठेव खाली.”

कृपाने ठेवली नाही. उलट एक मोठा घास तोंडात कोंबला. सुवार्ताचा हात उठला आणि पोरीच्या गालावर बसला. प्लेट खाली पडली. केक फरशीवर, टोपी केकवर.

पाहुण्यांनी तक्रार केली असावी; पाच मिनिटांत नलिनीबाईंचा फोन आला.

“पाहुण्यांची आत्ताच्या आत्ता माफी माग. कोण समजतेस तू स्वतःला?”

“माफी मागणार नाही. मटण अर्धं शिजलंय, अजून तासभर ठेवावं लागेल. भाकऱ्या ज्याच्या त्याने थापाव्यात.”

तिने गॅस बंद केला आणि पिशवी उचलली. फाटकापाशी राखणदार कोंडिबा आडवा आला.

“आगं, कुटं निगालीस? आज रोजीला न्हाई म्हनतीस व्हय? ती लोकं काय, जेवतील आन जातील. तुला हितंच ऱ्हायाचं हाय.”

“मला इथं राहायचं नाही, कोंडिबा.”

“लई ताठ हायेस बाई,” असं म्हणून त्याने फाटक उघडलं. पोरीच्या गालावरची बोटं त्याला दिसली असावीत. ती बाहेर पडेस्तोवर तो मान वळवून उभा राहिला.

एसटीला सव्वा तास होता. कापणी होऊन गेलेल्या भातखाचरांच्या कडेला सुवार्ता एका दगडावर बसली, कृपा लांबच्या दुसऱ्या दगडावर. त्या पाहुण्याला सुनावताना तिला जे बरं वाटलं होतं ते आता उरलं नव्हतं. जीभ चालली रोहितवर आणि हात चालला पोरीवर, हे तिला कळत होतं. त्या माणसाच्या अंगाला हात लावायची आपली हिंमत नव्हती म्हणून लेक सापडली. बराच वेळ तिने खालची माती पायाने उकरली.

“कृपा, माझं चुकलं.”

“त्या सगळ्यांसमोर मारलंस,” कृपा म्हणाली. “चुकलं मात्र इथं म्हणतेस, कुणी नसताना.”

एसटी आली. कृपा पुढे जाऊन दुसऱ्या बाईशेजारी बसली. पौड यायच्या आत नलिनीबाईंचा मेसेज आला: ‘उद्यापासून येऊ नकोस.’ सुवार्ताने तो दोनदा वाचला आणि फोन पिशवीत टाकला.

दुपारी भात आणि अंड्याचा रस्सा झाला. ताटापुढे दोघी डोळे मिटून बसल्या. प्रार्थना करायची पाळी कृपाची होती. तिने वडिलांचं नाव घेतलं, नगरच्या आजीचं घेतलं, गाणाऱ्या सगळ्या मुलांची नावं एकेक करून घेतली, खाली राहणाऱ्या गोजराबाईंचंसुद्धा घेतलं. आईचं घेतलं नाही. सुवार्ताने थोडी वाट पाहिली आणि मग ‘आमेन’ म्हटलं.

कृपा तिच्याशी चौथ्या दिवशी बोलली, तेही शाळेच्या फीबद्दल. जानेवारी सुवार्ताने इकडे तिकडे लग्नकार्यांत पोळ्या लाटून काढला. फेब्रुवारीत पिरंगुटच्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाच्या बाईची जागा निघाली. तिथल्या बाईंनी पगार सांगितला, वेळा सांगितल्या आणि विचारलं, “तुमची काही अट?”

“पंचवीस डिसेंबर. मी येणार नाही.”

“बघू की तेव्हाचं तेव्हा.”

“‘बघू’ नको. आत्ता सांगा,” सुवार्ता म्हणाली. “आणि लिहून द्या.”

बाईंनी तिच्याकडे नाराजीने पाहिलं, मग कागद पुढे ओढला.