सीलबंद खोक्यातली बॅटरी

माझी भाची पिकअपमधून उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. नाक सोललेलं, दंडांवर उन्हाचे पट्टे आणि मागं कडब्याच्या पेंढ्यांवर आडवी टाकलेली तिची सायकल. पिकअपवाला सुप्याच्या पुढचा. म्हणाला, "बाई, ही पोरगी रस्त्याकडंला एकटीच ढकलत चालली हुती. म्हणली, आत्याकडं वालचंदनगरला जायचंय. म्हणलं चल, मला बी तिकडंच जायचंय."

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. जन्मली, वाढली बेल्जियममध्ये. तिचं मराठी बरोबर असतं, पण कुणीतरी इस्त्री करून दिल्यासारखं. इलेक्ट्रिक सायकलवर दक्षिण भारत फिरायचा, एकटीनं, असं तिनं ठरवलं होतं. सायकल विमानातून आली. बॅटरी तिकडंच राहिली, कारण एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात चढवू देत नाहीत. मग तिनं पुण्यात एक विकत घेतली. ती सुप्याजवळच्या माळावर बंद पडली, ती परत काही चालू झाली नाही. सामानासकट सायकल अशी जड, की बॅटरीशिवाय साधा चढही चढवेना.

"बाबांना सांगू नको," एवढंच ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहतो. मी कारखान्याच्या शाळेत शिकवते, म्हणून क्वार्टर अजून आहे. माझे मिस्टर कारखान्याच्या फाउंड्रीतून निवृत्त झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बॅटरीचं काय एवढं. आपला माणूस हाय की इंदापुरात."

आपला माणूस म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं इंदापुरात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान. आमच्या लग्नात वाढपी म्हणून राबलेला, माझ्या बाळंतपणात रात्री जीप काढून दवाखान्यात नेणारा माणूस. त्याच्या शब्दावर आम्ही कधी पावतीसुद्धा मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच बॅटरी घेऊन आला. सीलबंद खोकं, वर चकचकीत लेबल, चार्जरही नवा. भाचीनं खोक्यावरचं सगळं वाचलं आणि विचारलं, "काका, आतले सेल कुठले आहेत?"

"पोरी, सीलबंद हाय. ह्याच्यापेक्षा नवं काय आसतंय?"

बॅटरी सायकलला चपखल बसली. भाची कालव्याच्या रस्त्यानं लांबवर चक्कर मारून आली आणि पहिल्यांदा मनापासून हसली. त्या रात्री आम्ही दोघी एकाच खोलीत झोपलो. बॅटरी चार्जिंगला लावून तिनं उशापाशी ठेवली होती. तिचा हिरवा दिवा मला झोप लागेपर्यंत दिसत होता.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी ती निरवांगीपर्यंत जाऊन आली, आजोबांचं जुनं शेत बघायला. दुपारी बॅटरी काढून तिनं व्हरांड्यात चार्जिंगला लावली आणि आम्ही जेवायला बसलो. मी शेवटची चपाती तव्यावर टाकलेली.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येते तशी सूं सूं. मी गॅसकडं पाहिलं. कुकर तर केव्हाचा उतरवलेला. मग वास आला, नखांच्या पॉलिशसारखा, गोडसर. मिस्टर ताटावरून उठले आणि व्हरांड्याचं दार उघडलं. करड्या धुराचा लोट जमिनीलगत आत आला. पावसाचं पाणी उंबऱ्यावरून येतं तसा.

त्याच्या मागोमाग ती फुटली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आतले सेल फटाक्यांसारखे सुटून भिंतीवर आपटत होते. एक ग्रिलमधून बाहेर पडला आणि वाळत घातलेल्या माझ्या साडीत जाऊन अडकला. साडीला भोक पडलं, भोकाची कड पेटली. मी हे सगळं बघत होते. ओरडायचं असतं हेच मला आठवत नव्हतं.

भाची सायकल वाचवायला धावली. मी तिचा दंड धरला तो इतका घट्ट, की नंतर चार बोटांचे वळ राहिले. मिस्टरांनी मेन स्विच पाडला, मागच्या दारानं अंगणात फिरून आले आणि शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीनं ती जळती बॅटरी ओढत पायरीखाली नेली. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथली वाळू शेजारच्यांनी पाट्या भरभरून टाकली. वाळूतूनही ज्वाळा निघत होत्या. विझली म्हणता म्हणता पुन्हा भडकत होती. शेवटी कुणीतरी नळाला पाइप लावला आणि पाणी सोडतच राहिले, तेव्हा कुठं ती गप्प झाली.

माझे मिस्टर जन्मभर वितळलेल्या लोखंडासमोर उभे राहिलेले. मी त्यांना आगीला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते पायरीवर बसले. हातातली आकडी त्यांना खाली ठेवता येईना. बोटं सुटतच नव्हती. शेजारच्या वहिनींनी ती हळूच सोडवून घेतली. आत जाऊन गॅसही त्यांनीच बंद केला. तव्यावरच्या चपातीचा कोळसा झाला होता. घरात आग आणि गॅस चालू, हे आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी ओट्याला टेकून उभी होते आणि मला फक्त तो हिरवा दिवा दिसत होता. काल रात्रीचा. तिच्या उशाजवळचा. मी तिथंच फरशीवर बसले. भाची समोर येऊन बसली. तिलाही तेच सुचलं असणार, कारण ती म्हणाली, "आत्या, खोलीचं दार काल आपण आतून लावलं होतं." पुढं आम्ही दोघीही त्यावर बोललो नाही. आजही बोलत नाही.

मिस्टरांनी मित्राला फोन केला. "जसा आसशील तसा ये," एवढंच सांगितलं.

तो आला. व्हरांड्याची काळी भिंत, तडकलेली फरशी, वितळून लोंबणारं प्लास्टिक त्यानं पाहिलं आणि सगळ्यात आधी म्हणाला, "चार्जर परदेशातला लावला आसंल."

मला आगीनं जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा या वाक्यानं बसला. "कुणाला लागलं का" हेही त्यानं विचारलं नव्हतं. मी मिस्टरांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"नाही काका," भाची शांतपणे म्हणाली, "चार्जर तुम्हीच दिलेला. तो बघा."

तो खाली बसला. खिशातून पेचकस काढून वाळूतला तो काळा गोळा उकरू लागला. वरचं सगळं जळालेलं होतं, पण तळाचे काही सेल शाबूत होते. त्यानं एकेक काढून पायरीवर मांडले. एक निळा, दोन हिरवे, एक गुलाबी. नव्या बॅटरीत सगळे सेल एकाच रंगाचे, एकाच जातीचे असतात, एवढं मलाही समजत होतं. एकावर मार्करनं कुणीतरी आकडा लिहिलेला. टोकांवर जुन्या पट्ट्या उपटून काढल्याच्या खुणा. त्यानं तो सेल बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे जुनं हायती," तो म्हणाला. "लॅपटॉपच्या भंगारातलं. वरून नवं कातडं घातलंय."

मग त्याचा चेहरा एकदम उतरला. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त जाताना डोळ्यांनी दिसतं हे मी तेव्हा पाहिलं.

"तात्या," तो मिस्टरांना म्हणाला, "माझ्या सुनंच्या स्कूटरमधी ह्याच मालातली बॅटरी हाय."

त्यानं फोन लावला. सुनेनं उचलला.

"गाडी कुठं हाय?... जिन्याखाली? चार्जिंगला?... आगं ऐक. तिला हात लावू नगं. मेन बंद कर आन् पोरीला घिऊन बाहेर ये. सासूला बी. चपला ऱ्हाऊ दे. आदी बाहेर ये."

तो फोन कानाला लावूनच उभा राहिला. सून रस्त्यावर आली, नात कडेवर आहे, सासूबाई बाहेर आल्या, असं तिनं सांगितल्यावर त्यानं फोन खाली घेतला. मिस्टर त्याला म्हणाले, "किल्ली दे, गाडी मी चालवतो." दोघं तसेच इंदापूरला गेले. जिन्याखालच्या गाडीला काही झालं नव्हतं. बॅटरी काढून मोकळ्या रानात नेऊन उघडली, तर आत तोच रंगीबेरंगी प्रकार. त्याची नात रोज त्या स्कूटरवर पुढं उभी राहून शाळेत जायची.

परत आल्यावर मिस्टरांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "तो रडला गं. मी पन्नास वर्षांत त्याला रडताना बघितलं न्हाय." त्याच्यावरचा माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. गेलाही नाही आणि धरूनही ठेवता येईना.

त्यानं पोलिसांत तक्रार दिली. माल देणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. मग दुकानाला कुलूप घालून मिस्टरांचा मित्र विकलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायला निघाला.

इकडं भावाला सांगावंच लागलं. व्हिडिओ कॉलवर मी त्याला भिंत दाखवली. त्यानं ती पुन्हा दाखवायला लावली. मग म्हणाला, "तिला विमानात बसव." मलाही तेच हवं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी पुढं जाणार आहे. पण विश्वासाची बॅटरी मिळाल्याशिवाय जाणार नाही. हे चालेल का?" तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

विश्वासाची बॅटरी कुठून आणायची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडची विमानानं येईना, जहाजानं यायची तर तिचा व्हिसा संपला असता. तिच्या सायकलच्या कंपनीचं इकडं कुणी नाही. ती फोन घेऊन बसली आणि प्रत्येक विक्रेत्याला एकच विचारू लागली, आत कोणते सेल आहेत, उघडून दाखवाल का? बहुतेकांनी फोन ठेवला. एकानं तर काही न विचारताच "मॅडम, आज पाठवतो" म्हणून सांगितलं. त्याच्या त्या तत्परतेमुळंच तिनं त्याचा नंबर खोडला.

बारामतीच्या एमआयडीसीतून एका बाईंनी उत्तर दिलं, "उघडून कशाला? बांधतानाच येऊन बघा."

आम्ही तिघं गेलो. सायकल टेम्पोत. त्या बाई पस्तिशीच्या, इंजिनिअर. फवारणीचे पंप आणि मालवाहू रिक्षा यांच्यासाठी बॅटऱ्या बनवत होत्या. त्यांनी नव्या सेलचं खोकं आमच्यासमोर फोडलं, एकेक मीटर लावून मोजून बघितला, दोन बाजूला काढून ठेवले. जळालेल्या बॅटरीचे फोटो मागून घेतले आणि बघताना ओठ मिटून घेतले. सायकल ठेवून जा म्हणाल्या; बॅटरी नव्या चार्जरसकट चालवून, तापवून बघितल्याशिवाय देणार नाही.

मी विचारलं, "मग ही अगदी सुरक्षित असेल ना?" मला त्यांच्या तोंडून हो ऐकायचं होतं.

"माझ्याकडून होईल तेवढं मी करते," त्या म्हणाल्या. "पण ताई, मी स्वतः बनवलेलीसुद्धा घरात, झोपेत चार्जिंगला लावत नाही. जागेपणी लावायची, मोकळ्यावर, जळण्यासारखं काही जवळ न ठेवता. आणि पडली, भिजली, फुगली तर मोह सोडायचा."

मी हबकलेच. दहा लोकांनी "काही होत नाही" म्हणून सांगितलं होतं आणि ज्या बाई खरोखर जाणत होत्या त्या असं म्हणत होत्या. भाची मात्र मान हलवत ऐकत होती. परतताना ती म्हणाली, "आत्या, इतक्या दिवसांत माझा पहिल्यांदा कुणावर तरी विश्वास बसला."

बॅटरी मिळाल्यावर ती रोज वाढत्या अंतरावर जाऊन आली. चार्जिंग अंगणात, मधोमध, आणि आम्ही कुणीतरी खुर्ची टाकून समोर. शेजारी हसायचे. मी हसले नाही.

ती निघाली त्या सकाळी मिस्टरांचा मित्र आला. फाटकाबाहेरच थांबला. आगीच्या दिवसानंतर तो आमच्या घरात आला नव्हता. भाची त्याच्या पाया पडायला वाकली तसा तो मागं सरकला. "मला नगं, पोरी."

ती सरळ झाली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, हे बॅटरीचं लॉक जरा बघता का? प्रवासात सुटायला नको."

तो गुडघ्यावर बसला. लॉक फिरवून बघितलं, बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघितली, वायर कुठं घासत नाही ना ते बोट फिरवून बघितलं. खूप वेळ लावला त्यानं. मग उठून म्हणाला, "बसलंय नीट. पर दर मुक्कामाला बघत जा."

ती अकलूजच्या दिशेनं गेली. वळणावर तिनं मागं वळून पाहिलं नाही, रस्त्याकडं पाहिलं, ते मला बरं वाटलं. मी मिस्टरांच्या मित्राला चहाला बोलावलं तर तो म्हणाला, "परत येतो, वहिनी. निरवांगीला एक बॅटरी परत आणायची राहिलीय. तिथल्या एका म्हाताऱ्यानं गोठ्यात लावलीय म्हणं." मिस्टरांनी चपला घातल्या आणि त्याच्या गाडीवर मागं बसले.