रस्त्यापलीकडचं गाव

मोनॅकोत एका हॉटेलाच्या पायऱ्यांवर एक बाई पितळी कठडा पुसत होती. कठडा आधीच लखलखत होता, तरी ती पुसतच होती. हा देश मला तिथंच नावडला. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर; आमचं उपनगरसुद्धा याहून मोठं. वर राजघराणं, खाली जुगारघर, आणि बहुतेक रहिवाशांना प्राप्तिकर माफ. जागा पुरेना तेव्हा यांनी समुद्रात भर घातली आणि तिथंही श्रीमंतांचेच फ्लॅट बांधले.

माझ्या बायकोला भेटेल त्याला गाव विचारायची सवय. ती आमच्या गाइडला म्हणाली, "विचार ना रे तिला, गाव कुठलं?"

बाईनं हातातलं फडकं चढावरच्या रस्त्याकडे केलं आणि फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं.

"काकू, त्या रस्त्यापलीकडे फ्रान्स लागतो, ती तिथली," गाइड म्हणाला. "इथलं भाडं परवडत नाही. गुडघे गेलेत, तरी रोज चढून घरी जाते."

"अगंबाई! मग इथं कधीच राहिली नाही?"

बाई हसून काहीतरी बोलली. गाइड म्हणाला, "म्हणते, इथं मी फक्त दमायला येते."

समुद्र मागे सारणाऱ्यांना हिच्यापुरती एक खोली सापडत नाही. बाईनं बादली उचलली आणि कठड्याला हातही न लावता, गुडघा धरत ती पायऱ्या उतरली. पुसलेल्यावर बोटं उमटली असती.

"आपल्याकडे याला गावकुसाबाहेर ठेवणं म्हणतात," बायको म्हणाली. "सांग तिला."

गाइडला त्याला फ्रेंच शब्द सापडेना.

मी म्हटलं, "राहू दे. तिला माहीत आहे."