मामांच्या बोटाऐवजी माझं बोट

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं आणि मला कॉलेजातून काढूनही जवळजवळ तेवढंच. कारण सांगायला मला लाज वाटत नाही. प्राचार्यांच्या दारावर मी पत्रक चिकटवलं होतं आणि खळ इतकी झकास जमली होती, की पत्रक खरवडताना दाराचा रंगही निघाला. मग मिरजेजवळ विश्रामबागेत एका मित्राच्या खोलीत मी सायक्लोस्टाइलचं यंत्र फिरवत बसलो. देवऋषी, हात बघणारे, अंगात आणणारे, मामलेदार, सगळ्यांवर पत्रकं. एका पत्रकात तीनच उद्गारचिन्हं वापरायची असा मित्राचा नियम होता. तो मी पहिल्या ओळीतच मोडायचो.

अशात कोरेगावहून निरोप आला, मामांना मिरजेला गाडीत घालून दिलंय, उतरवून घे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार होऊन आलेले आणि आता ऊस करणारे. तोडलेल्या उसाच्या बुडख्यावर अनवाणी पाय पडला आणि तळव्यात चांगलं बोटभर भोक पडलं. त्यांनी त्यात हळद कोंबली आणि चार दिवस उसाला पाणी पाजत राहिले. पाचव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत भोपळ्यासारखा सुजला, हुडहुडी भरून ताप आला आणि मामा गोठ्यातल्या बैलांना कवायतीचे हुकूम सोडायला लागले. मामी घरीच राहिल्या, कारण म्हैस त्याच आठवड्यात व्यायची होती. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा मामा डब्यात उताणे होते आणि समोरच्या माणसाला म्हणत होते, "जवान, टोपी कुठाय तुजी?"

मिरजेत दवाखान्यांना तोटा नव्हता. आम्ही गेलो तो लहानसा होता, आठ खाटांचा. डॉक्टरांनी पाय बघितला, नाडी बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "विष रक्तात उतरलंय. जंतू मारायला सल्फाच्या गोळ्या देतो. पाय वाचेल की नाही, आणि माणूस तरी वाचेल की नाही, हे रोज रक्त बघून ठरवू."

रक्त बघून ठरवू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात बघून ठरवणाऱ्यांवर मी नुकतंच पत्रक काढलं होतं.

रक्त बघणारे चाचा सतार-तंबोरे करणाऱ्या घरातले होते. भाऊ भोपळे कोरायचे आणि हे सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचे. रोज सकाळी येऊन ते प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचायचे आणि थेंब घेऊन जायचे. मग चौकटी आखलेल्या काचेवर पांढऱ्या पेशी मोजायच्या. दर दहा पेशींना एक चिंचोका वाटीत टाकायचा. वाटीतले चिंचोके मोजून हिशेब केला की खाटेचा नंबर आणि आकडा दारामागच्या पाटीवर खडूने लिहायचा. नंतर डॉक्टर येऊन पाटी वाचायचे आणि कुणाचं काय करायचं ते सांगायचे.

त्या पाटीकडे सगळी खोली शाळेच्या निकालासारखी बघायची. मामांचा पहिल्या दिवशीचा आकडा होता अठरा हजार, दुसऱ्या दिवशी बावीस. शेजारच्या खाटेवर एक गाडीवान होता, कागवाडकडचा. त्याने मान हलवली.

"चढतोय जी तुमचा आकडा. माझा असाच चढला, आन् दुसऱ्या दिवशी मांडी चिरली की."

"मंग?" मामा म्हणाले.

"मंग काय? चढला की चिरत्यात, उतरला की घरला सोडत्यात."

हे खरं की खोटं, हे मी चाचांना विचारायला हवं होतं. ते दहा पावलांवर बसलेले होते. पण पत्रकं लिहिणाऱ्याला विचारायची सवय नसते. मी वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: 'रुग्ण बंधूंनो, जागे व्हा!! तुमच्या रक्ताचे ज्योतिषी ओळखा!!! चिंचोक्यांनी माणसाचा पाय ठरतो काय????' त्याच्या चार प्रती करून खाटांवर वाटल्या. गाडीवानाला वाचता येत नव्हतं. त्याने त्यात तंबाखूची पूड बांधली. एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर कशी पोचली ते मला आजही माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मामांनी मला जवळ बोलावलं. ताप होता, पण डोळ्यांत फौजी चमक होती.

"भाच्या, उद्या रगात तू द्यायचं."

"आवं मामा, असं कसं?"

"कसं म्हंजे? भरतीला माझ्या एका दोस्ताची छाती दोन बोटं कमी भरत व्हती. त्याच्या जागी धाकट्या भावानं छाती फुगवली. पास झाला का न्हाई? पुढं लान्सनायक झाला की रं!"

"पण हे..."

"ह्ये बी डाक्टरीच हाय. तुजं रगात ताजं हाय. उतरंल आकडा. माजा पाय ऱ्हाईल. का तुला मामा लंगडा पायजेल?"

मला खरं म्हणजे आनंदच झाला. चिंचोक्यांची पोल खोलायची याहून चांगली संधी कुठली? पहाटे मी मामांच्या खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला, त्यांच्याच घोंगडीखाली, अंग चोरून पडलो. मामा डोकं बाहेर काढून घोरण्याचं नाटक करत होते. त्यांचा डावा हात पोटावर दाबून ठेवला होता आणि त्या जागी माझा हात बाहेर. घोंगडीखाली ताप, घाम, सल्फा आणि हळद यांचा जो वास होता, त्यावर एक वेगळं पत्रक काढता आलं असतं.

चाचा आले. त्यांचे डोळे दिवसभर काचेत घालून घालून दुखरे झालेले, त्यात उजेड फुटायचा होता. त्यांनी माझं बोट धरलं आणि थबकले.

"काय हवालदारसाब, हात लई नरम झालाय."

"दुखण्यानं," मामा डोळे न उघडता म्हणाले.

"आणि ही काळी शाई?"

"अंगठा दिला कागदावर."

"हे तर करंगळीशेजारचं बोट हाय."

"समदीच बोटं घेतली सरकारनं," मामा म्हणाले आणि परत घोरायला लागले. चाचांनी सुई टोचली. मी आतल्या आत बोंबललो.

नऊ वाजता पाटीवर आकडा आला: सात हजार. मामांनी मला डोळा मारला. गाडीवान म्हणाला, "सुटला जी हवालदार!" मी पुढच्या पत्रकाचा मथळा मनात जुळवत होतो.

डॉक्टर आले आणि पाटी वाचून त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी मामांचा ताप बघितला. होता तसाच होता. पाय बघितला, तोही तसाच. मला बाहेर बोलावून ते हळू आवाजात म्हणाले, "दुपारी पाय काढावा लागेल. मांडीपासून. तुमच्या घरी कळवा."

"पण आकडा तर उतरला!"

"तेच तर वाईट आहे."

मी तसाच चाचांकडे धावलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नीट काहीतरी विचारलं. चाचांनी वाटी बाजूला सारली.

"बेटा, पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई. विष शिरलं की शिपाई वाढतात. बावीस हजार म्हणजे मामा लढतोय. ताप उतरला, सूज उतरली आणि मग शिपाई उतरले, तर जिंकला. पण ताप तसाच, सूज तशीच आणि रातोरात शिपाई सात हजार? म्हणजे लढणारे संपले. डॉक्टरसाब काय करणार? विष वर चढायच्या आत पाय तरी तोडावा."

"आणि गाडीवानाची मांडी?"

"तिथं पू धरला होता. पू काढला म्हणून तो आज तंबाखू खातोय."

निरोगी माणसाचं निरोगी रक्त दिलं होतं मी, आणि त्या निरोगीपणापायी मामांचा पाय जाणार होता. मामांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, म्हटलं कबूल करून टाकू.

"गप," मामा म्हणाले. "असली गोष्ट उघडी पडली तर कोर्टमार्शल व्हतं."

"मामा, पाय कापतील!"

"हवालदार कबुली देत न्हाई."

मी एकटाच डॉक्टरांपुढे उभा राहिलो आणि बोललो, "सकाळचं रक्त माझं होतं." डॉक्टरांनी टेबलावरचा कागद उचलून माझ्यापुढे धरला. उद्गारचिन्हं लांबूनच ओळखू आली.

"हे तुमचंच ना? 'रक्ताचे ज्योतिषी'? काल तपासणी खोटी म्हणालात, आज रक्त खोटं म्हणताय. उद्या पाय खोटा म्हणाल. मला काम करू द्या."

खोलीत येऊन त्यांनी मामांना विचारलं, "हवालदार, सकाळी बोट कुणाचं होतं?"

"माझंच, साहेब!" मामा झोपूनच सलाम ठोकत म्हणाले.

मी त्या दिवशी रडलो हे लिहायला हरकत नाही. रडता रडता ओरडलोही, की माझं रक्त घ्या, मामांचं घ्या, पुन्हा मोजा, आणि माझं चुकलं तर माझा पाय कापा. शेवटी चाचाच मध्ये पडले. "डॉक्टरसाब, दुपारला अवकाश आहे. दोघांचं शिरेतून घेतो. मोजतो तर आहेच, पण दोन नळ्याही लावतो. पत्रकवाल्याला माझ्या चिंचोक्यांचा भरवसा नाही, नळी तर डोळ्यांना दिसेल."

त्यांनी दोघांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं आणि दोन लांब काचेच्या नळ्या खिडकीत सरळ उभ्या केल्या. डावी मामांची, उजवी माझी. चाचा म्हणाले, अंगात विष असलं की रक्तातला लाल भाग भराभरा खाली बसतो आणि वर पिवळं पाणी राहतं. निरोग्याचं रक्त रेंगाळतं. तासभर हात लावायचा नाही. एवढं सांगून ते मोजायला गेले.

पुढचा तास मी विसरणार नाही. आठही खाटा खिडकीकडे वळल्या. पंधरा मिनिटांत मामांच्या नळीत वर पिवळी रेघ दिसायला लागली. गाडीवान कोपरावर उठून बसला.

"चल हवालदार, चल! उतर, उतर!"

"भाच्याचं हालंना!"

"कालिजातलं रगात हाय त्ये, बसून ऱ्हातंय!"

मामांना वाटलं आपण काहीतरी जिंकतोय. ते उशीवरून मान उचलून स्वतःच्याच रक्ताला हुकूम सोडायला लागले, "तेज चल! तेज चल!" मी माझ्या नळीकडे बघून मनात म्हणत होतो, हलू नको बाबा, आज तरी हलू नको. तास भरला तेव्हा मामांचं चार बोटं खाली गेलं होतं आणि माझं तांदळाच्या कणीएवढं. तेवढ्यात चाचा आले आणि पाटीवर लिहिलं: हवालदार चोवीस हजार, भाचा सात.

डॉक्टरांनी पाटी दोनदा वाचली. मग मामांना म्हणाले, "हवालदार, तुम्हाला गोळी घालायला हवी."

"व्हय साहेब. पर पाय ऱ्हाईल का?"

"लढताय तर लढा. पू कुठे दडलाय ते शोधतो."

दुपारी पाय कापण्याऐवजी पोटरी चिरली. मामी म्हशीचं दुसऱ्या धारेला जेवढं दूध काढतात तेवढा पू निघाला, असं मामा सांगतात. मी तिथे नव्हतो, बाहेर ओकत होतो. सल्फा चालूच राहिला. पायाची करंगळी काळी पडली होती, ती गेली. पाय राहिला.

शिक्षा म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडून एक पत्रक लिहून घेतलं: रक्त तपासणी ही भरती नाही, इथे पास-नापास नाही, ज्याचं त्याचंच रक्त द्यावं. त्यांनी माझी सगळी उद्गारचिन्हं खोडली. माझ्या मते त्यामुळे ते मिळमिळीत झालं, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात ताप गेला, सूज गेली आणि पाटीवर मामांचा आकडा आला आठ हजार. डॉक्टर म्हणाले, जा घरी. मामा खाटेवरून उठायलाच तयार होईनात.

"आठ? चोवीस व्हते माजे! बाकीचे कुठं पळाले?"

चाचा त्यांच्या पायाशी बसले. "लढाई संपली, हवालदारसाब. पलटण घरी सोडली."

मामांनी यावर खूप विचार केला. फौजेने त्यांनाही तसंच सोडलं होतं, एक घोंगडी आणि रेल्वेचा पास देऊन. मग ते उठले, भिंतीला हात न लावता सरळ उभे राहिले, आणि टांगा नको म्हणाले. स्टेशनपर्यंत ते चालत गेले. वळकटी माझ्या डोक्यावर होती. वाटेत भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, की मिरजेत रक्ताची शर्यत लागली, भाच्याचं जागचं हललं नाही आणि माझं चार बोटं पुढं! मी प्रत्येकाला खरा अर्थ समजावून द्यायला लागलो, तर गाडी चुकायची वेळ आली. कोरेगावात आजही हेच चालू आहे. गेल्या बाजाराला एका अनोळखी म्हाताऱ्याने माझा दंड दाबून बघितला आणि म्हणाला, "ह्योच का त्यो, थंड्या रगताचा?"