पेठ ते आपटाळे: ब्रेकचे पाइप, लेण्याद्री आणि गेनूभाऊंचं अंगण

जीप बाहेर काढायची ठरली ती गेनूभाऊंच्या फोनमुळे. गेनूभाऊ म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या जीपवरचे ड्रायव्हर. जुनी, उघडी, पुढं दोन गोल डोळ्यांची जीप. लग्न होऊन मी पेठला आले ती याच जीपमधून, आणि चालवत होते गेनूभाऊ. सासरे गेले, गेनूभाऊंची नजर कमी झाली आणि ते आपटाळ्याच्या अलीकडं आपल्या वाडीवर राहायला गेले. जीप आमच्या शेडमध्ये राहिली. दसऱ्याला हार घालायचा आणि अधूनमधून चालू करायची, एवढंच.

"सूनबाई," गेनूभाऊ म्हणाले, "पोरगा रविवारी डोंबिवलीला न्यायला येतोय. आता कायमचंच. येकदा जीप घिऊन या. चालवायची न्हाई, डोळं कुठंयत? अंगणात नुसतं स्टेरिंग धरून बसीन."

"येतो की. दुपारच्या जेवणाला येतो," मी म्हटलं.

रविवारी सकाळी उजाडताच निघालो. मी आणि हे, दोघंच. बाहेरचं खाणं मला परवडत नाही आणि पचतही नाही, म्हणून बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि गेनूभाऊंसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून घेतल्या. उघड्या जीपमधून थंडीत जाणार असाल तर कानाला रुमाल हवाच. आमच्याकडं एकच होता, तो ह्यांनी घेतला.

अवसरी घाट तसा काही मोठा नाही. रोजची माणसं बोलता बोलता उतरतात. पहिल्या उतारालाच ह्यांचा पाय ब्रेकवर तीनतीनदा आपटत होता.

"काय हो?"

"पेडल खाली जातंय."

ह्यांनी गाडी पहिल्या गिअरला टाकली आणि हँडब्रेक थोडाथोडा ओढत कडेकडेनं उतरवायला लागले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "लेण्याद्रीच्या गिरिजात्मजा, सुखरूप खाली उतरव. गाडी आधी तुझ्याच पायाशी आणीन."

'आधी' हा शब्द मीच म्हटला. कुणी मागितला नव्हता.

उतरलो. रस्त्याकडेला एक गॅरेज उघडंच होतं. मिस्त्री जीपखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "दादा, मागच्या चाकाकडं जाणारा पाइप फुटलाय. पत्र्याच्या चापाखाली चिखल बसून बसून गंजून गेलाय नुसता."

जुन्या गाड्यांत ब्रेकचं ऑइल ज्या नळीतून चाकापर्यंत जातं, ती बोटापेक्षा बारीक धातूची नळी असते. एक जरी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग तेवढाच बदला," मी म्हटलं.

"वहिनी, समदे येकाच वयाचे हायत. नवीन टाकून दाब वाढला की उद्या दुसरा फुटंल. मग मला शिव्या घालाल."

"आज नाही घालणार असं कुठं म्हणाले?"

मिस्त्री हसले, मी मुकाट्यानं मान डोलावली. पाइप, ऑइल आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत काम झालं. जुनी गाडी घेऊन घाटाकडं येणाऱ्यांनी हा खर्च घरीच करून निघावं.

वेळ मात्र गेला. मंचरहून सामान येईपर्यंत निम्मी सकाळ गेली. मग मिस्त्री जुना पाइप जमिनीवर ठेवून त्याच्याशी जुळवत नवा वाकवत होते. स्प्रिंगपाशी जुन्याला एक मोठं वळण होतं. तसंच वळण देत म्हणाले, "हे कुण्या ड्रायव्हरनं मुद्दाम काढून घेतलंय. खड्ड्यात गाडी आपटली तरी पाइप घासत न्हाई."

शेवटी ऑइलमधली हवा काढायला पेडलवर माणूस लागतं. हे मिस्त्रींबरोबर चाकाशी बसले, म्हणून मीच पदर खोचून वर चढले. "दाबा वहिनी. धरून ठेवा. सोडा." पाय थरथरायला लागला तरी सोडला नाही. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट झालं.

मी गेनूभाऊंना फोन केला. "उशीर होतोय हो. ब्रेकचे पाइप बदलून घेतोय."

"यिऊ द्या सावकाश. मी हाय."

कळंबच्या पुढं नव्या ब्रेकची परीक्षा झाली. मेंढरांचा अख्खा कळप अचानक रस्त्यावर आला. ह्यांनी ब्रेक दाबला आणि जीप जागच्या जागी, सरळ उभी राहिली. कळपामागून एक बाई घोंगडी सावरत आली. तिनं जीपकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय वो पावणं, म्हातारीचं ब्रेक लागत्यात म्हनायचं!"

"आत्ताच घातलेत," हे ऐटीत म्हणाले.

"मंग म्हातारीला लगीन करायला न्हेताय का काय?"

नारायणगावपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. जुन्नरला पोचलो तेव्हा दुपार चांगलीच कलली होती. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. ह्यांनी गाडी आपटाळ्याच्या रस्त्याला वळवायला घेतली.

"आधी लेण्याद्री," मी म्हणाले.

"अगं, ते वाट बघत असतील. देव येताना करू."

"बोलून बसलेय मी. ब्रेकसुद्धा नवे आहेत, नारळ न फोडता पुढं कसं जायचं?"

पुन्हा फोन केला. गेनूभाऊ लगेच म्हणाले, "जा, जा. देव आधी. मी हाय हितंच." मागून कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. मला वाटलं, टीव्ही असेल.

लेण्याद्रीला जाणाऱ्यांसाठी सांगते. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, दमानं चढा. वयस्करांना डोली मिळते. वर तिकीट आहे. प्रसाद माकडांना दिसू देऊ नका, मी नारळ पदराखाली धरून नेला. मंदिर म्हणजे डोंगरातच कोरलेलं लेणं. एवढा मोठा सभामंडप, पण आत एकही खांब नाही. मूर्तीही कातळातलीच. बाहेर आलं की समोर शिवनेरी आणि खाली कुकडीकाठची हिरवी शेतं दिसतात. रांग होती, तरी मी घाई केली नाही. मनापासून दर्शन घेतलं, दोन मिनिटं टेकले, थंड वाऱ्यात बरं वाटलं. खाली येऊन जीपच्या चाकापाशी नारळ फोडला. तेव्हा मला सगळं नीट पार पडल्यासारखं वाटत होतं.

वाडीत शिरलो तेव्हा गेनूभाऊंच्या अंगणात कुणी नव्हतं. आवाज ऐकून त्यांची धाकटी भावजय बाहेर आली.

"लई येळ केला तुमी," ती म्हणाली. "आत्ताच ग्येले. पोरगा कवाचा गाडी चालू करून बसला व्हता. अंधाराच्या आत माळशेज उतरायचा म्हनं."

"अहो, पण फोनवर म्हणाले, मी इथंच आहे!"

"मंग काय सांगत्याल? द्येवाला जाणाऱ्याला चटशिरी या म्हनत्यात व्हय? पोरगा फोन मागत व्हता, त्यालाबी दिला न्हाई. टोपी घालून खाटेवर बसल्यालं. येक येक गाडी यायची अन् म्हनायचे, ही न्हाई. ही बी न्हाई."

फोनमागचा आवाज टीव्हीचा नव्हता.

अंगणात नेहमीची कपड्यांची दोरी नव्हती. खाट भिंतीला उभी केली होती, तुळशीजवळच्या कुंड्या एका कडेला ओळीनं लावल्या होत्या. जीप वळायला जागा हवी म्हणून सकाळी त्यांनी चाचपडत सगळं सरकवलं होतं, भावजय सांगत होती. मी पोळ्यांचा डबा भावजयीच्या हातात दिला. ह्यांनी जीप त्या मोकळ्या जागेतून फिरवली आणि आम्ही निघालो.

नारायणगावला मासवडी चांगली मिळते असं ऐकून होते, तुम्ही जरूर खा. आम्ही थांबलो नाही. सकाळच्या भाकरी तशाच घरी परत आल्या.

दोन दिवस देव्हाऱ्यासमोर बसले की मन लागेना. नवस फेडला याचं वाईट वाटत नाही. पण लेण्याद्रीचा गणपती कातळात बसलाय, तो संध्याकाळपर्यंत कुठं जाणार नव्हता. ह्यांना वाडीवर सोडून मला एकटीला एसटीनं मागं लेण्याद्रीला येता आलं असतं. जीप पायथ्याला उभी करून, खालूनच लेण्याला हात जोडूनही पुढं जाता आलं असतं. घाटात त्यानं आम्हाला सांभाळलं, तो एवढ्यासाठी रागावला असता का? तिथं जाणाऱ्या कुणाची कुणी वाट बघत असेल, तर आधी तिकडं जा. एवढं माझं ऐका.

तिसऱ्या दिवशी डोंबिवलीहून फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर गेनूभाऊच विचारायला लागले.

"स्प्रिंगपाशी पाइपला वळण ठिवलं का न्हाई?"

"ठेवलं. होतं तसंच."

"पेडल?"

"घट्ट आहे. मी दाबून पाहिलंय."

"अन् आमच्या अंगणात गाडी वळली का? मागं-पुढं करावी लागली?"

"नाही. एका दमात वळली."

"मी दोरी सोडून ठिवली व्हती," गेनूभाऊ म्हणाले. "म्हून."